टाचेची रेघ

दुपारचा दीड वाजला असेल. धुळ्यात रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, आणि जळगावहून अक्कांचा, नानाच्या बायकोचा, फोन आला. "भाऊ, नाना गेले." कसं झालं विचारलं, तर म्हणाल्या, "खुर्चीत बसल्या बसल्या. पाय हालत होता, तो थांबला..." खोटं कशाला बोलू, मला आधी रडू नाही आलं, भीती वाटली. चाळीस वर्षं एक गोष्ट नानाला सांगायची राहिली होती. आता ती कोणाला सांगणार?

आत्माराम नाना कोण, हे खानदेशात सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. पारोळ्याकडच्या कापूसवाल्याचा हा पोरगा कोलकात्याच्या मोठ्या फुटबॉल क्लबचा गोलकीपर झाला, राज्याचा कप्तान झाला, आणि पुढे संघाचा मॅनेजर म्हणून त्यानं इथली पोरं थेट देशाच्या मैदानांवर नेऊन उभी केली. मी दिगंबर, एसटीच्या वर्कशॉपातला मेकॅनिक. शाळेपासून त्याच्या संघात राइट बॅक, म्हणजे त्याच्या उजव्या हाताची बाजू राखणारा. आणखी काही नाही.

सामन्याआधी गोलकीपर टाचेनं मातीत एक रेघ ओढतात, गोलच्या बरोबर मधून पुढे. मागे वळून न बघता आपण कुठे उभे आहोत ते कळावं म्हणून. नानाची रेघ मात्र मधून नसायची, वीतभर डावीकडे असायची. एकदा मी म्हटलं, "अरे, उजवी बाजू उघडी पडते ना." तो आमच्या अहिराणीत म्हणाला, "तठे तू शे ना." तिथं तू आहेस ना. हे असं बोलणारा माणूस भेटला की दुसऱ्याला जन्मभर वाकडं वागायची सोय उरत नाही. पण मी ती काढली.

कोलकात्यात नाव झाल्यावरही दरवर्षी तो सुट्टी काढून जळगावच्या स्पर्धेत आमच्याकडून खेळायला यायचा. त्या वर्षी उपांत्य सामन्यानंतर त्याला शाल, हार, भाषण... "नाना म्हणजे एकटा भिंत आहे" वगैरे. त्या दिवशी गोलरेषेवरून दोन बॉल मी परतवले होते. मी मंचाजवळ उभा होतो तर एक कार्यकर्ता मला म्हणाला, "ए, ते चहाचे कप उचल रे." तळपायाची आग मस्तकात गेली. अंतिम सामन्याच्या दिवशी मी धुळ्यात अंगावर चादर घेऊन पडून राहिलो आणि निरोप धाडला, ताप आलाय.

पोरांनी नंतर सांगितलं, नानानं रेघ ओढली ती नेहमीसारखीच वीतभर डावीकडे. कोणीतरी आठवण करून दिली, "नाना, आज दिगू नाही." तो म्हणाला, "शे ना तठे," आणि उजवीकडे बोट केलं. तिथं कोणीच नव्हतं. माझ्या जागी घेतलेला पोरगा तेव्हा मैदानाच्या मध्यावर होता... बॉल तिथूनच आला. नानानं उशिरा झेप घेतली, खांदा लोखंडी खांबावर आदळला आणि गोलकीपर नाना तिथंच संपला. त्याच्यावर लिहिणारे लिहितात की तो मॅनेजरकीकडे वळला. वळला कसला, माझ्या तापानं वळवला त्याला.

तिसऱ्या दिवशी तो माझ्या दारात. हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातात असोद्याची केळी. तापाच्या माणसाला केळी कोण देतं? मी त्याच्यासमोर दोन खाल्ली. तो खाताना बघत राहिला, "बरा हो" म्हणाला आणि गेला. पुढे मॅनेजर झाल्यावर मैदानाबाहेर खुर्ची टाकली की पुढ्यात तो टाचेनं तशीच रेघ ओढायचा. उजवीकडची खुर्ची माझी. मला रजा मिळाली नाही तर ती रिकामी राहायची, आणि सामनाभर तो तिकडे मान झुकवून बोलायचा. बघणारे हसायचे. मला ते ऐकून कधी हसू आलं नाही.

शेवटचं भेटलो ते जळगावच्या त्याच्या खोलीत. दाराकडे तोंड करून बसलेला, उजवीकडे माझी खुर्ची मांडलेली, समोरच्या कोब्यावर टाच घासणं चालू. घासून घासून जमिनीवर पांढरी रेघ उमटली होती. मी धीर केला, "नाना, त्या वर्षी..." त्यानं हात वर केला. "बोलू नको. खेळ चालू शे." नजर दारावर. दारात उन्हाशिवाय काही नव्हतं. मी घड्याळ बघितलं आणि पाचची बस पकडली. भित्रा तो भित्राच.

तेरावं झाल्यावर अक्कांनी मला खोलीत नेलं. कोबा नवा घोटून घेतला होता, आणि त्यावर तीच रेघ. "दुपारी आवाज येतो, भाऊ. हे दुसऱ्यांदा बुजवलं." मी माझ्या खुर्चीत बसलो आणि नानाच्या रिकाम्या खुर्चीला सगळं सांगून टाकलं... चहाचे कप, चादर, ताप. अक्का उंबऱ्यातून ऐकत होत्या. म्हणाल्या, "ठाऊक होतं त्यांना. केळी मीच बांधून दिली. मी म्हटलं, तापाला केळी? तर म्हणे, खाईल तो." त्यांनी दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावून रेघ पुन्हा बुजवली.

मला हलकं वाटायला हवं होतं. पण आठवडाभर एकच विचार डोक्यात. त्यानं माफ केलं होतं हे कळलं, पण आता माझ्या तोंडून ऐकल्यावर? रेघ सरकून मधे आली असेल तर माझी बाजू त्यानं स्वतःकडे घेतली, माझ्यावरचा भरवसा संपला, एवढाच त्याचा अर्थ. पुन्हा जळगावला गेलो. भरदुपारी खोली उघडली. नव्या कोब्यावर रेघ होती. गुडघ्यांवर बसलो, दाराच्या चौकटीचा मध्य धरला आणि हातानं मोजलं.

वीतभर डावीकडे.

उठलो, उजवीकडच्या खुर्चीत बसलो आणि दाराकडे बघत राहिलो. आता तिथून काय यायचं ते येऊ दे.