कानाची पारख

आमच्या सराफी पेढीत त्यांना सगळे ‘कान’ म्हणत. तोंडावर कानकाका. पंचेचाळीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: सोन्याचं नाणं बोटाच्या टोकावर तोलायचं, दुसऱ्या नाण्याने हलकेच वाजवायचं आणि नाद विरेपर्यंत ऐकून खरं की खोटं ते सांगायचं. काटा आणि ॲसिड आम्हा सामान्यांसाठी. मी तिथे पावत्या लिहायचो, तेव्हा सामान्यांत माझा नंबर पहिला.

कागदी पैशाचा त्यांना मनापासून तिटकारा. नोट म्हणजे कुणीतरी दिलेला शब्द, तो फिरला की रद्दी. पक्का पैसा तो, ज्याला कुणाच्या शब्दाची गरज नाही, असं ते जेवणाच्या सुट्टीत मला ऐकवत. दुसरं ऐकायला होतंच कोण? लग्न केलं नाही. घरी एक खाट आणि एक रेडिओ. नात्याचं माणूस म्हणजे थोरली बहीण, चार गल्ल्या पलीकडे भाड्याच्या खोलीत राहणारी. तिचा नवराही याच मताचा. जन्मभर पोटाला चिमटा काढून त्याने बारा नाणी जमवली आणि जाताना तिच्या हातात ठेवली. काहीही झालं तरी हे बुडणार नाही, असं सांगून गेला.

ती राहत होती ती खोली विकायला निघाली, तेव्हा ती नाणी घेऊन पेढीत आली. खोली आपणच घ्यावी, म्हातारपणी कुणी बाहेर काढायला नको, एवढंच तिला हवं होतं. कानकाकांनी बाराही वाजवली. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, “ताई, पितळ आहे.”

मी काटा पुढे सरकवला, तर त्यांनी तो मागे ढकलला. चारचौघांत बहिणीची शोभा नको, असं त्यांना वाटलं असावं. मीही मोठा शहाणा, गप्प बसलो. त्याचा मला आजही राग येतो.

महिनाभराने त्यांनी एका गिऱ्हाइकाची पाच नाणी खोटी ठरवली. मालकांनी काट्यावर घातली, ॲसिड लावलं. पाचही अस्सल. मग मालकांनी तिजोरीतलं नाणं काढून त्यांच्या कानाशी वाजवलं. तो नाद मला दारापाशी ऐकू आला.

“वाजवा ना,” काका म्हणाले.

त्याच दुपारी ते मला घेऊन बहिणीकडे निघाले. एकट्याने जायचा धीर नव्हता. खोली दुसऱ्याने घेतली होती आणि ती सामानाची बोचकी बांधत होती. नवऱ्याची तसबीर रद्दीच्या गठ्ठ्यावर पडलेली दिसली. काका जमिनीवरच बसले आणि कान गेला, चूक माझी, नाणी खरीच असणार, असं सगळं एका दमात बोलून गेले. नाणी आण, आत्ता काट्यावर घालू, म्हणाले.

नाणी तिने भंगारवाल्याला पितळेच्या भावाने देऊन टाकली होती.

तिने बोचक्याची गाठ आवळली. मग खाली मान घालून हळू आवाजात म्हणाली, “चाळीस वर्षं ज्याच्याशी संसार केला, त्याला मी तुझ्या एका शब्दावर खोटं ठरवलं. आता पुन्हा तुझ्याच शब्दावर खरं कसं मानू?”

काकांनी माझ्याकडे बघितलं. “काय म्हणाली रे?”

ते वाक्य मला त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, मोठ्याने, पुन्हा म्हणावं लागलं.