कोरेगाव पार्कातली दुसरी पंगत

मला शहरात सोडायला आप्पांनी जीप काढली, तेव्हा मागं माझी गादी होती, तांदळाचं पोतं होतं आणि पौडपर्यंत फुकट जायला मिळतंय म्हणून चढलेलं अर्धं गाव होतं. गादी माझी, तरी मला बसायला मिळालं पोत्यावर. पहिलीवहिली नोकरी, पहिल्यांदा घर सोडणं, म्हटलं जरा रडून घ्यावं, तर शेजारचे तात्या म्हणाले, "रडतीस कशाला, आदी जरा सरक की." आई दारातनं ओरडली, "पोत्यातला लिंबाचा पाला काढू नगंस गं, किडं हुतील!" झाला निरोप. गावाकडं कोळवणात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं बाहेर पडून महाळुंग्या-बालेवाडीच्या टॉवरांत जाऊन बसलेल्यांनो, तुमची तरी निघताना धड रडायची सोय झाली होती का?

आता मी 'वीकेंडला काय प्लॅन?' असं विचारणारी बाई झालेय. माझ्या ऑफिसातले लोक शुक्रवारी संध्याकाळी गाड्या भरून आमच्या कोळवणात झालेल्या फार्महाउसांवर जातात, भाताची खाचरं बघून 'किती पीसफुल' म्हणतात. त्याच खाचरात चिखल तुडवून माझ्या पायांना भेगा पडल्या, हे मी त्यांना सांगत नाही. मी चार माणसांसारखी बालेवाडीच्या हाय स्ट्रीटवर कॉफी पिते. सुरुवातीला कडू लागायची, आताही लागते.

त्याच ऑफिसात अनिकेत भेटला. कोथरूडचा, एकुलता एक, सज्जन. मला लग्न करायचं होतं ते याच्याशीच, नाहीतर नाही. आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "पोरगं असंल चांगलं. पण शहरात मानूस मानसाला इचारत न्हाई. मी आदी मानसं बघीन, मग बोलीन." आप्पा एकदा नाही म्हणाले की कोळवणची नदी उलटी वाहिली तरी हो होत नाहीत. तेव्हा सगळं त्या एका भेटीवर आलं. अनिकेतच्या आईला, म्हणजे काकूंना, वळणाचा रस्ता सोसत नाही, म्हणून भेट शहरात ठरली. आप्पांची अट एकच होती. "पोरीकडचं बोलावनं हाय, जेवान आपलं." जागा मी निवडायची.

बाई गं, ती जागा! बालेवाडी जवळ होती, पण तिथं गाण्यांच्या दणक्यात एकमेकांचं ऐकू येत नाही. शिवाय आप्पा प्रत्येक टॉवरकडं बोट दाखवून "हितं अमक्याची ज्वारी व्हती" असं सांगत बसले असते. डेक्कन म्हणजे काकूंचं माहेर, तिथं वेटरसुद्धा त्यांना नावानं हाक मारतो. आम्ही परक्या पटावर कशाला खेळायचं? कॅम्पात गाडी लावायला जागा नाही, आणि आप्पांनी फोनवर पहिला प्रश्न जीपचाच विचारला होता. आत्या म्हणाली, "चांदणी चौकात भेटा की, दोघांनाबी अर्ध्या वाटंत." तिला वाटलं, चौक आहे तर पार असेल, पारावर बसतील. तिथं आहेत नुसते उड्डाणपूल. शेवटी मी कोरेगाव पार्क धरलं. तिथं दोन्हीकडचं कुणीच कधी गेलेलं नव्हतं, म्हणजे बुजणार ते सगळे सारखेच.

मी आठवडाभर फोनवर आप्पांची तयारी करून घेतली. नेहरू शर्ट इस्त्रीचा घाला, मोबाइलवर मोठ्यानं बोलू नका, काकांना पगार विचारू नका. सगळं सांगितलं. बसा म्हणून सांगायचं तेवढं राहिलं.

कारण आप्पा बसलेच नाहीत. मंद दिवे, पांढऱ्या चादरीचं टेबल, अनिकेत आणि त्याचे आईवडील बसले, आई काकूंना सोबत म्हणून बसली, मी बसले, आणि आप्पा काकांच्या खुर्चीमागं हात बांधून उभे. "बसा ना," काका म्हणाले. "व्हय व्हय, पावण्यांचं हू द्या आदी." आमच्याकडं जेवण घालणारा पहिल्या पंगतीला बसत नाही, पाहुणे उठल्याशिवाय घास घेत नाही, हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. काळ्या कोटातल्या मॅनेजरला कुठून माहीत असणार? तो धावत आला. "सर, एनी प्रॉब्लेम?"

"प्राब्लेम काय न्हाई," आप्पा म्हणाले, "पन तुमचा हात लई आखडता हाय." भल्या मोठ्या ताटलीत मधोमध लिंबाएवढा पदार्थ बघून आप्पांचा चेहराच पडला होता. पोरीकडच्या जेवणात अशी शोभा! त्यांनी वेटरच्या हातातनं भांडं घेतलं आणि स्वतः वाढायला लागले. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी त्यांच्याकडं पाणी मागितलं. आप्पांनी पाणी दिलं, वर त्यांनाही आग्रह केला, "सावकाश हू द्या."

मी अनिकेतकडं बघितलं. तो तिथं नव्हता. म्हणजे खुर्चीत नव्हता. तो आप्पांच्या शेजारी पाण्याचा जग घेऊन उभा होता.

"तुमी बसा की," आप्पा म्हणाले.

"तुम्ही बसल्यावर."

हे मी त्याला शिकवलं नव्हतं, देवाशपथ. नंतर विचारलं तर म्हणाला, "ते एकटेच उभे होते, बघवेना."

काकू तोवर तिसऱ्यांदा 'पुरे' म्हणाल्या होत्या आणि आप्पांनी तिसऱ्यांदा वाढलं होतं. मला वाटलं, आता या चिडणार. काकूंनी चमचा खाली ठेवला. म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मला कुणी बसवून वाढलं नाही हो." मग त्या पदर खोचून उठल्या. "झाली आमची पंगत. आता तुम्ही दोघं बसा."

अशी कोरेगाव पार्कात दुसरी पंगत बसली. आप्पा आणि अनिकेत शेजारी शेजारी, वाढायला काकू, आणि मॅनेजरनं हात टेकलेले. आप्पा खाली मान घालून जेवले. हात धुवून आले आणि जाता जाता माझ्या कानाशी म्हणाले, "मानसं हायेत गं." तेवढंच. लग्न झालं की हो माझं!

पण खरी मेख पुढंच होती. लग्नानंतर पहिल्यांदा कोळवणला गेलो. आप्पांनी दोन पाट मांडले, इंद्रायणी तांदळाचा वाफाळता भात वाढला आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

"बसा की आप्पा."

"आदी पावण्यांचं हू दे," ते म्हणाले. आणि बघत होते माझ्याकडं.

असा राग आला, असा राग आला! ज्या घरात भाकरीसाठी आईच्या पाठीत धपाटे घातले आणि खाल्ले, तिथं मी पावणी? मी ताट उचललं, थेट चुलीपाशी गेले आणि आईला म्हणाले, "मी मागनं जेवीन, तुमच्यासंगं." अनिकेत बिचारा एकटाच पाहुणा उरला. आप्पा मान वळवून हसले, मी बघितलं.

तेव्हापासून गावी मी दुसऱ्या पंगतीलाच बसते. महाळुंग्याच्या फ्लॅटवर माझं नाव आहे, तिथं मी हवं तेव्हा जेवते. परवा कोळवणला गेले, तर माझी पाळी येईतो कालवण संपलं होतं. "पावण्यांनी खाल्लं सगळं," आई म्हणाली, "चटनी घे." घेतली. लई ग्वाड लागली.