चुकांचा माग

माझ्या वहिनीला सर्दी झाली की ती गोळी-बिळी नंतर घेते. आधी नाकात काडी फिरवून स्वतःचाच नमुना घेते आणि प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये ठेवून देते. आम्ही तिची यथेच्छ टिंगल करतो. तिला ढिम्म फरक पडत नाही. एखादा विषाणू बदकातून माणसात शिरला की डुकरातून, याचा माग काढणं हे तिचं काम, आणि आपण चुकणं शक्यच नाही हा तिचा स्वभाव.

माझी आई एका वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर सांभाळते. मागे वहिनी तिथे हात कसे धुवावेत यावर तासभर बोलून आली. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिथे तापाची साथ आली. दोन आजोबांना दवाखान्यात हलवावं लागलं. आईही खोकत होती, म्हणून व्यवस्थापकांनी सगळ्यांदेखत तिच्यावरच खापर फोडलं. "तुमच्यामुळेच पसरलंय हे. आता येऊ नका." आईने घरी येऊन अंथरूण धरलं. ताप उतरला तरी उठेना. त्या माणसाचा मला असा संताप आला होता!

"आई, खरं काय ते मी शोधून काढते," वहिनी म्हणाली.

"आणि माझंच नाव निघालं तर?"

"तर तेही सांगेन."

अशी ही गोड सून! मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

आश्रमातल्या सगळ्या आजाऱ्यांचे नमुने तिच्याकडेच आले होते, आईचा आणि स्वतः तापाने पडून उठलेल्या व्यवस्थापकांचाही. मी खनपटीलाच बसले तेव्हा तिने समजावलं, "विषाणू स्वतःची नक्कल करताना चुका करतो. समज, माझी पाककृती उतरवताना तू मिठाऐवजी साखर लिहिलीस. तुझ्या वहीवरून तिसरीने उतरवली तर साखर राहणारच, वर तिची स्वतःची चूक. मग कोणी कोणाचं उतरवलं ते कळतं."

निकाल आला तशी ती आईला आणि मला घेऊन थेट आश्रमाच्या जेवणघरात गेली. सगळे जमले होते. दवाखान्यातून परतलेले आजोबाही होते.

"तुमच्या विषाणूतल्या सगळ्या चुका आईंच्या विषाणूत आहेत, वर एक जास्तीची," ती व्यवस्थापकांना म्हणाली. "म्हणजे साखळीत त्या तुमच्यानंतर येतात."

"म्हणजे मी आणलं?"

"नाही. तुमच्याही आधीचा एक नमुना आहे. विषाणू तोच, पण यातली एकही चूक त्यात नाही." वहिनी आयुष्यात पहिल्यांदा अडखळली. "तो माझा आहे. इथे भाषणाला आले त्याच सकाळी घेतलेला. नाक गळत होतं, तरी आले. साधी सर्दी समजले. माझं चुकलं."

वहिनीचे कान लाल झाले होते, पण मान ताठ होती. मला तिचा भयंकर अभिमान वाटला.

"मग आमच्या बाई कधीपासून येणार?" एका आजोबांनी विचारलं.

"आजपासूनच," व्यवस्थापक पुटपुटले.

आई उठली. खुंटीवरचा अ‍ॅप्रन काढून तिने कमरेला बांधला आणि सुनेकडे पाहिलं.

"आधी हात धुऊन ये," ती म्हणाली. "मग वाढते."