कोपऱ्यावरची भिंत

धुळ्यातलं आमचं घर गल्लीच्या कोपऱ्यावर आहे. अलीकडे आमची गल्ली, पलीकडे मोहल्ला, मध्ये रिक्षा जेमतेम जाईल एवढा रस्ता. मोहल्ल्यातल्या पहिल्या घरात भाभी राहतात. माझे ब्लाउज वीस-बावीस वर्षं त्यांनीच शिवले. त्यांचं शिलाई मशीन खिडकीशी असायचं आणि ती खिडकी बरोबर आमच्या भिंतीसमोर उघडायची. मी शाळेतून परतताना त्या मान वर न करताच विचारायच्या, "अक्का, आज उशीर?"

मी निवृत्त झाले त्याच्या पुढच्या वर्षी यजमान गेले. त्यानंतर सहा महिन्यांनी मंडळाचे लोक आले. त्यातले दोघं माझे विद्यार्थी, आता लेकुरवाळे. भिंतीवर चित्र काढायचं म्हणाले. परवानगी मागितली म्हणायची, पण पेंटर आणि रंगाचे डबे सोबतच होते. ओल धरलेली जागाही बुजवून देणार होते. मी हो म्हटलं. त्या दिवसांत कोणी काही विचारलं की मी हो म्हणून मोकळी व्हायचे.

चार दिवसांत घोडा झाला, घोड्यावर योद्धा आला. मागे भगवा, खाली मंडळाच्या लोकांची नावं. घोडा खरंच छान उतरला होता. योद्ध्याने तलवार समोर रोखली होती.

पाचव्या दिवशी दुपारी भाभी आल्या. आधी नळाला पाणी नाही वगैरे बोलणं झालं. मग त्या म्हणाल्या, "अक्का, चित्राला माझी ना नाही. भिंत तुमची आहे. पण त्या तलवारीचं टोक बरोबर माझ्या खिडकीवर येतं. मला दिवसभर तिथंच बसायचं असतं. जरा वर करता येईल का, बघा ना."

"सांगते," मी म्हटलं. त्यात अवघड काही नव्हतं. रंग अजून ओला होता.

संध्याकाळी बाहेर गेले. पेंटर परांचीवर होता, माझा एक विद्यार्थी खाली उभा होता. त्याने आदराने विचारलं, "काय बाई?"

"चहा घेणार का?" मी म्हणाले.

ते हो म्हणाले. मी आत जाऊन आलं किसलं, चहा केला, कप नेऊन दिले, रिकामे परत आणले. तलवार तशीच राहिली.

त्यानंतर आठवडाभराने समोर गवंडी आला. दुपारपर्यंत खिडकीत विटा बसल्या, दुसऱ्या दिवशी गिलावा झाला. मी ओट्यावरून पाहत होते. आपल्याला काहीतरी वाटायला हवं, हे कळत होतं. पण माझं लक्ष गवंड्याच्या हाताकडेच होतं, फार सफाईने काम करत होता. पुढे त्या नव्या गिलाव्यावर मोहल्ल्यातल्या कोणीतरी हिरवा घुमट काढला, वर चंद्र. आता मिरवणुकीच्या आदल्या दिवशी पोलीस येतात आणि दोन्ही चित्रांवर ताडपत्री बांधतात. एक शिपाई मधोमध खुर्ची टाकून बसतो. मी त्याला पाणी नेऊन देते.

भाभींकडे जाणं आपोआप थांबलं. ब्लाउज जळगावला शिवून घ्यायला लागले, मुलगा तिथं पिंप्राळ्यात राहतो.

मागच्या महिन्यात जळगावच्या बसमध्ये भाभी चढल्या. माझ्या शेजारचीच जागा रिकामी होती. बसल्या. एरंडोलला मुलीकडे चालल्या होत्या. शिलाईचं विचारलं, तर म्हणाल्या, डोळे थकले, आता फक्त फॉल-पिको करते, दिवसाही ट्यूब लावावी लागते. तक्रारीचा सूर नव्हता.

बस पारोळ्याला थांबून सुटली. मग मी म्हटलं, "भाभी, त्या दिवशी मी त्यांना सांगितलंच नाही."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही चहा दिलात. मी खिडकीतच होते."

त्यांनी पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढल्या, मूठभर माझ्या हातावर ठेवल्या. मी सोलून खाल्ल्या. एरंडोलला त्यांची जड पिशवी दारापर्यंत नेऊन दिली. "येते अक्का," म्हणून त्या उतरल्या.

बस सुटली. थोड्या वेळाने मला झोप लागली. जळगाव आलं तेव्हा कंडक्टरने हाक मारून उठवलं.