वगैरेमध्ये काय काय येतं?

चावीवाली आयुष्यात कधी माइकसमोर बसली नव्हती. समोर विम्याचा जुना कायदा बदलायला बसलेली समिती, उजवीकडे विमा कंपनीचे साहेब, आणि मागच्या खुर्चीत नणंद, जिच्या तोंडाला कुलूप घालणं तिच्या कुलूपवाल्या भावालाही कधी जमलं नव्हतं.

तो भाऊ, म्हणजे चावीवालीचा नवरा, जाऊन तीन वर्षं झाली होती. दुकानात किल्ली घासता घासता त्यानं छातीवर हात ठेवला आणि खेळ आटोपला. मग कंपनीचं पत्र आलं: विमेदारानं माहिती दडवली, सबब दावा नामंजूर. आता काय म्हणावं? लोकांची कपाटं उघडून आतलं सगळं दिसलं तरी तोंडातून ब्र न काढणारा माणूस तो. पण स्वतःचं काही लपवायची वेळ आली की त्याचे कान लाल व्हायचे. आणि दडवलं काय होतं? फार वर्षांपूर्वी स्टुलावर बसल्याबसल्या त्याला एकदा चक्कर आली होती. डॉक्टर म्हणाले, उपाशी राहत जाऊ नका. तेवढी एक ओळ दवाखान्याच्या कागदांत राहिली आणि कंपनीला बरोब्बर सापडली.

पैसे बुडाले ते तिनं कसंबसं पचवलं. ‘दडवली’ हा शब्द मात्र घशाखाली उतरेना. नवऱ्याला लबाड ठरवलं याचा तिला भयंकर राग होता, आणि तो शब्द खोडून घ्यायलाच ती आली होती.

अध्यक्षबाईंनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, “हे बघा ताई, नवा कायदा झाला तरी जुन्या दाव्यांना तो लागू होणार नाही. तुमच्या हाती काही लागणार नाही. तरी बोलायचंय?”

नणंद मागून पुटपुटली, “वहिनी, ऊठ. कशाला जिवाला घोर?”

चावीवालीलाही उठावं, घरी जावं, असं अगदी मनापासून वाटलं. पण पिशवीतून तिनं नवऱ्याच्या अर्जाची प्रत काढली.

“इथं विचारलंय, रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार वगैरे आहे का? साहेब, या वगैरेमध्ये काय काय येतं?”

“विम्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं ते सगळं,” साहेब शांतपणे म्हणाले. “जुन्या कायद्यानं ते ग्राहकानंच आपणहून सांगायचं असतं.”

“चक्कर?”

“येते.”

“उपाशीपोटी आलेली?”

“तीही.”

“पडसं?”

साहेब घुटमळले. “ते बघावं लागेल.”

“कोण बघणार?”

“आम्ही.”

“कधी?”

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला, तसाच खाली ठेवला.

“दावा आल्यावर,” ते म्हणाले.

“म्हणजे माणूस मेल्यावर,” नणंद म्हणाली. तिला कुणी गप्प बसवलं नाही.

कायदा झाला, वर्षभरानं. जे विचारलंच नाही ते दडवलं असं आता कंपनीला म्हणता येणार नव्हतं. पत्रातला शब्द मात्र होता तिथंच राहिला. समितीनं तसं लेखी कळवलं.

पुढं नणंदेनं स्वतःच्या विम्यासाठी नवा अर्ज आणला आणि वहिनीला दाखवायला दोन प्रती घेऊन दुकानात आली. वगैरे गेलं होतं. एकेक प्रश्न सुटा, मोठ्या अक्षरात. सातवा होता: कधी चक्कर आली आहे का? हो किंवा नाही.

चावीवालीनं त्यातली एक प्रत पुढ्यात ओढली. मग पेन घेऊन तिनं ‘हो’वर खूण केली.

“अगं, तुला कधी चक्कर आली?” नणंदेनं विचारलं.

“मला नाही,” ती म्हणाली. “यांना आली होती. विचारलं असतं तर सांगितलं असतं यांनी.”