व्याह्यांच्या विहिरीचं पाणी

आमच्या व्याह्यांच्या हाती सापडला आणि त्यांची विहीर न बघता सुटला, असा एक माणूस अख्ख्या कोल्हापुरात मला दाखवा. मी त्याला गुळाचा अख्खा रवा, म्हणजे सबंध ढेप, फुकट देईन. माझं गुळाचं अडत दुकान आहे, तेव्हा ही पैज पोकळ समजू नका, आणि आजवर तो रवा दुकानाबाहेर गेलेला नाही. पाहुणा देवीच्या दर्शनाला आलेला असो, चपला घ्यायला आलेला असो की डोळ्याच्या ऑपरेशनला, व्याही त्याला स्टँडवरच गाठतात, त्याची पिशवी आपल्या हातात घेतात म्हणजे पळून जायची सोय उरत नाही, आणि "पावणं, धा मिन्टं लागतील बगा" असं म्हणत थेट आपल्या म्युझियममध्ये नेऊन उभा करतात. त्या दहा मिनिटांतून दीड तासाच्या आत कुणी बाहेर पडल्याचं मला आठवत नाही. एकदा नृसिंहवाडीला निघालेली जीप नुसता रस्ता विचारायला थांबली, तर हे पुढच्या सीटवर चढून बसले आणि जीपच वळवून आणली. त्या मंडळींची वाडीची आरती चुकली, पण पाणवठ्याचा इतिहास पाठ झाला. विजेचं मीटर बघायला आलेल्या वायरमनला तर त्यांनी असं काही धरलं की बिचारा मीटर न बघताच निघून गेला आणि त्या महिन्याचं बिल अंदाजानं आलं.

म्युझियम म्हणजे तरी काय, जुन्या पेठेच्या टोकाला दोन खोल्या आणि पुढं एक दगडी विहीर. या विहिरीवर एके काळी व्याह्यांच्या वस्तीला पाणी भरू देत नसत. मग संस्थानचा हुकूम निघाला, की पाणवठे सगळ्या जातींना मोकळे. हुकूम चावडीवर लागला आणि विहिरीवर काठ्या घेतलेली माणसं बसली. त्या हुकुमावर विश्वास ठेवून ज्यांनी पहिल्यांदा घागर लावली, त्यांत व्याह्यांचे आजोबा होते. त्यांची काठीनं चेपलेली तांब्याची घागर पहिल्या खोलीत काचेच्या पेटीत आहे. शेजारी, चहाच्या दुकानाबाहेर वळचणीला वेगळी ठेवत ती कानतुटकी कपबशी. दुसऱ्या खोलीत मार खाल्लेल्यांची नावं कोरलेली काळी फरशी. हे सगळं वस्तीनं वर्गणी काढून उभं केलं, आणि ते सांभाळायला व्याही, पगाराविना. झाडू त्यांचा, कुलूप त्यांचं, भाषणही त्यांचंच.

उभी हयात शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत गेल्यामुळे त्यांचा आवाज भट्टीच्या वर चढवलेला आहे, आणि निवृत्तीनंतर तो खाली आणायचं त्यांच्या लक्षात राहिलेलं नाही. दोन खोल्यांच्या म्युझियममध्ये ते बोलायला लागले की समोरच्या किराणा दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा थांबून ऐकतं. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सफारी, खिशाला दोन पेनं, आणि मधेच प्रश्न विचारायची सवय. उत्तर चुकलं की पुन्हा पहिल्या खोलीपासून सुरुवात. आमच्या एका डॉक्टर स्नेह्यांना त्यांनी तीनदा घागरीपाशी परत आणलं, बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "एवढा मी एम.बी.बी.एस.ला घाबरलो नव्हतो." फोटो काढायला मनाई नाही, पण घागरीशेजारी उभं राहून कुणी हसलं की संपलंच. "दात झाका," व्याही ओरडतात, "मार खाल्ल्याली घागर हाय ती!"

हे सगळं झालं की खरी परीक्षा. व्याही स्वतः रहाटावर उभं राहून पाणी शेंदतात, तांब्या-फुलपात्र घेऊन पाहुण्यासमोर येतात आणि एवढंच म्हणतात, "घ्या पावणं." त्या वेळी ते माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, हाताकडे बघतात. बहुतेक लोक मुकाट्यानं पितात, काही तर दुसऱ्यांदा मागतात, हेही सांगायला हवं. पण काहींचा उपास असतो, काहींचा घसा धरलेला असतो, काहींचा आत्ताच चहा झालेला असतो. मी म्हणायचो, "अहो, असेल खरंच घसा धरलेला." ते मला इवाई, म्हणजे व्याहीच, म्हणतात; ते म्हणायचे, "आसंल की! मी कुठं खोटं म्हणतोय? माणूस खोटं बोलत न्हाय इवाई. पाण्यातच कायतरी कमी ऱ्हातंय." आणि त्यांनी कामगारी खाक्यानं पाण्यातलं एकेक कमी काढायला घेतलं. विहिरीचं पाणी म्हणून कुणी कचरलं, तर तपासून आणलं आणि दाखला भिंतीला डकवला. दाखल्यानं भागेना, तेव्हा फिल्टर बसवला. गार बाधतं म्हणणाऱ्यासाठी कोमट, फुलपात्राचा संकोच करणाऱ्यासाठी कागदी पेले. माणसाला सबब सापडू नये म्हणून इतका खर्च करणारा दुसरा यजमान मी पाहिलेला नाही.

माझी मुलगी त्यांच्या मुलाला दिली, म्हणजे तिनं स्वतःच स्वतःला देऊन टाकलं आणि मला नंतर कळवलं. आम्ही जैन, ते त्या वस्तीतले. मी दोन दिवस दुकानाच्या गादीवर तोंड फिरवून बसलो आणि तिसऱ्या दिवशी व्याह्यांनी येऊन माझी पिशवी उचलली, मग पुढचं तुम्हाला माहीतच आहे. मला तो माणूस त्याच दिवशी आवडला. प्रश्न माझा नव्हता, आक्काचा होता. आक्का माझी थोरली बहीण, तरुणपणीच विधवा होऊन माझ्याकडे आलेली. माझी बायको गेली तेव्हा मुलगी रांगत होती. तिला आक्कानं वाढवलं. लग्नाला आक्का आली, पोरीच्या हातात आपल्या पाटल्या घातल्या, विहीणबाईंच्या गळ्यात पडून रडली. नंतरही ती त्यांच्याकडे जायची, तासन्‌तास गप्पा मारायची, व्याह्यांना हसून हसून बेजार करायची. फक्त त्या घरात ती पाणी पीत नसे. आधी उपवास होता. आमच्याकडे उपवासांना तोटा नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. मग पाणी गाळलेलं नव्हतं. मग दिवस मावळला होता, आणि मावळल्यावर आमच्यात पाणी घेत नाहीत. मुलीच्या ते लक्षात आलं, आणि सातव्या महिन्यात डोहाळजेवणाचा विषय निघाला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "अण्णा, आत्या माझ्या घरचं घोटभर पाणी पिऊ दे. मग मी बाळंतपणाला माहेरी येते. नाहीतर नाही."

मला वाटलं होतं हे व्याह्यांच्या कानावर गेलं तर ते दुखावतील. ते तर बाह्याच सरसावायला लागले. "पैलं बाळंतपण म्हायेरातच व्हायला पायजे," ते म्हणाले. "पोरीचा हट्टबी ऱ्हाऊ दे आन् आक्कांचा नेमबी ऱ्हाऊ दे. पाणी माझ्यावर सोडा. आमच्या घरचं पाणी म्हंजी आमच्या हिरीचंच की." दुसऱ्या दिवसापासून ते आमच्या मंदिरातल्या म्हाताऱ्या पंडितजींकडे शिकवणीला जायला लागले. कापड किती जाड हवं, दुहेरी कसं धरायचं, गाळलेलं पाणी कसं उकळायचं, सगळं शिकले. गाळल्यावर कापडावर जे बारीक जीव राहतात, ते गाळलेल्या पाण्यानंच अलगद धुऊन पुन्हा त्याच विहिरीत सोडायचे असतात, कारण त्यांचं घर तिथं आहे. त्याला आमच्यात जीवाणी म्हणतात. ती वरून ओतायची नाही, पाण्यापर्यंत उतरवायची, म्हणून त्या बादलीच्या बुडाला एक कडी असते, पाण्याला टेकल्यावर तिच्या दोरानं बादली उलटते. ती कडी बाजारात मिळेना, तेव्हा व्याह्यांनी जुन्या फाउंड्रीत जाऊन पितळेत ओतवून आणली. मी जन्मानं जैन, पण आमच्या स्वयंपाकघरात भिंतीला मशीन आहे आणि मी बटण दाबून पाणी पितो. आणि हा माणूस सफारीच्या बाह्या मुडपून विहिरीच्या काठावर वाकून, जीव दुखावू नयेत म्हणून हळूहळू दोर सोडत होता. मी थट्टेनं म्हणालो, "इवाई, आता तुम्ही दीक्षाच घ्या." ते खरोखर लाजले. "येवड्या बारक्या जिवाचा इचार करणारी माणसं हायसा तुमी," ते म्हणाले, "मग आपलं काम आवघड न्हाय."

ते वाक्य ऐकून मला कसंतरीच झालं.

रविवारी सकाळी आक्काला घेऊन म्युझियमवर गेलो. आदल्या दिवशी मी तिला मुलीची अट सांगितली होती; ती ठेवणीतलं पातळ नेसून निघाली, तेव्हा मला आशा वाटली. व्याह्यांनी तयारीत काही कमी ठेवलं नव्हतं. पातेलं नवं, शेगडी नवी. एवढंच काय, त्यांनी स्वतः पाण्याला हातही लावला नव्हता. पाणी शेंदण्यापासून उकळण्यापर्यंत सगळं आमच्या मुलीच्या हातून करून घेतलं होतं, शिकवल्याप्रमाणे सगळं बरोबर करत ती अवघडल्या अंगानं उभी होती. आक्का पहिल्या खोलीत गेली आणि घागरीपाशी थांबली. व्याह्यांनी सांगायला सुरुवात केली, त्यांच्या आजोबांना कुणी धरलं, कुणी मारलं, घागर कशी सुटली. आक्काच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "काय माणसं म्हणायची का कोण रं ही," ती म्हणाली, "पाण्यासाटनं माणसाला मारायचं? देव तरी कसा बघत बसला?" दुसऱ्या खोलीत तिनं काळ्या फरशीवरची नावं बोटानं एकेक वाचली आणि प्रत्येक नावाला हात जोडले. व्याह्यांनी त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मी दुसरीकडे बघायला लागलो.

मग मुलीनं फुलपात्र पुढं केलं. "आत्या, पाणी."

आक्कानं फुलपात्राकडे बघितलं, पोरीकडे बघितलं. तिचा हात पदराबाहेर आला, अर्ध्या वाटेपर्यंत आला, आणि परत पदरात गेला. "तहान न्हाय गं बाळ," ती म्हणाली. चैत्राचं ऊन होतं आणि तिचे ओठ कोरडे पडलेले मला दिसत होते. मुलीनं ते पाणी तिथंच उभ्यानं स्वतः पिऊन टाकलं आणि ती आत गेली. येताना रिक्षात आक्का माझा हात धरून म्हणाली, "हात पुढं होईना रं. मी काय करू? मला तिच्यापरास कोण हाय का?" मला तिचा भयंकर राग आला होता, आणि तिची कीवही येत होती, आणि त्या दोन्हींचा काही उपयोग नव्हता.

आक्काला घरी सोडून मी परत गेलो. व्याही कट्ट्यावर बसले होते. बाजूला पातेलं झाकून ठेवलेलं होतं. त्यांच्या तोंडून इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. "गाळून झालं, उकळून झालं," ते म्हणाले, "माझा हात बी काढला त्यातनं. आता पाण्यातनं काय काढायचं ऱ्हायलंय, इवाई?" पातेलं बाजूला सरकवून मी त्यांच्याशेजारी बसलो.

नातीचा जन्म मुलीच्या सासरीच झाला. आक्कानं डिंकाचे लाडू करून पाठवले, स्वतः शिवलेली दुपटी नेली. आजही ती आठवड्यातून दोनदा जाते, नातीला मांडीवर घेऊन गाणी म्हणते, आणि तहानलेली घरी येऊन आधी माठाकडे जाते. मुलगी तिच्याशी गोड बोलते. माहेरी मात्र येत नाही. भांडण नाही, अबोला नाही. जे आहे त्याला नाव नाही, त्यामुळे ते मिटवायचं कुठून हे कुणालाच कळत नाही. ते मिटेल असं मला आता वाटतही नाही.

व्याही अजून स्टँडवर जातात, अजून लोकांच्या पिशव्या उचलतात. परवाच चंदगडहून आलेलं एक आख्खं वऱ्हाड त्यांनी आणून सोडलं होतं. सगळं ठरल्याप्रमाणे झालं, घागर, कपबशी, काळी फरशी. दोघीतिघींनी डोळे पुसले. आणि मग व्याही म्हणाले, "बरं हाय पावणं, या आता." इतकंच. रहाटाकडे ते गेलेच नाहीत. त्या रविवारपासून ते पाणी विचारतच नाहीत. पाहुणे चपला घालतात, आभार मानतात आणि निघून जातात, आणि आपल्याला काही द्यायचं राहिलं हे त्यांच्या गावीही नसतं. मी एकदा म्हणून बघितलं, की इवाई, मला तरी शेंदून द्या. ते हसून म्हणाले, "तुमी घरचं माणूस. घरला चला, च्या घिऊ." मी दर रविवारी जातो, ते कुलूप लावेपर्यंत विहिरीच्या कट्ट्यावर बसतो. उन्हात बसून घसा सुकतो, पण त्यांच्याकडे पुन्हा पाणी मागायचं माझ्यानं होत नाही.