आजोळचा हलवा

वाशीत सिताबाईंना आडनावानं कोणी ओळखत नाही. हलवेवाली म्हटलं की शेंबडं पोरही घर दाखवतं. परातीत तीळ, खाली मंद निखारे, वरून चमचाभर पाक, आणि बोटांनी हलवत राहायचं. तासन् तास बसलं की दाण्याला काटा फुटतो आणि बोटांना फोड येतात. त्यांच्या हलव्याचे दागिने घालून गावातल्या कितीतरी सुना पहिल्या संक्रांतीला नटल्या, कितीतरी लेकरांची बोरन्हाणं झाली. मी शेजारीण, तरी मला कधी फुकट दाणा मिळाला नाही.

त्यांची एकुलती लेक सोनाली तामलवाडीत दिलेली. ती तापानं गेली तेव्हा तिची शिवप्रिया पाळण्यात होती. पहिलं बोरन्हाण दुखवट्यात राहून गेलं. वर्ष सरायच्या आत जावयानं, कुलदीपनं, दुसरं लग्न केलं आणि सासूचा फोन उचलणं बंद केलं. यंदा नातीचं बोरन्हाण असल्याचं बाहेरून कळलं, तशी बाई शेगडीपाशी बसली.

"बोलावणं कुठं हाय तुमाला?" मी म्हटलं.

"लेकराचे दागिने आजोळानंच द्यायचे असत्यात. त्याला बोलावणं कशाला?"

मी सोबत गेले. नसते गेले तर बरं झालं असतं.

शिवप्रिया काळ्या झबल्यात पाटावर बसली होती, मुकुटापासून कंबरपट्ट्यापर्यंत नटलेली. नव्या बायकोच्या माहेरानं आधीच दागिने आणले होते. त्या बायकोची आई पुढं आली आणि सिताबाईंचा दागिन्यांचा डबा बघून हरखली. बिचारीला काय माहीत!

"काटा लई सुरेख हाय, मावशी. तुमी हलवेवाल्या व्हय? किती द्यायचे?"

सिताबाईंनी कुलदीपकडं पाहिलं. 'या सोनालीच्या आई', एवढंच त्यानं म्हणायचं होतं. परवापरवापर्यंत त्यांना आईच म्हणत होता मेला. त्यानं खिशातून नोटा काढल्या.

"घ्या, मावशी."

माझं डोकं भणाणलं. मी तोंड उघडणार, तोच सिताबाईंनी माझा हात दाबला. लेकराच्या सणात भांडण नको, म्हणून त्यांनी पैसे घेतले, डबा तिथंच ठेवला आणि नातीच्या गालाला हातही न लावता बाहेर पडल्या.

एसटीत बसल्यावर त्या एकदाच बोलल्या.

"पैसे घेतले म्या. आता कुठल्या तोंडानं आजोळ म्हनू?"